उजवा पाय कुणाचा?

ता. ६ मार्च
हाडांचा विभाग, खिडकीपासून सगळ्यांत लांबची खाट

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी जिवंत आहे, फक्त फोनवर बोलायची सोय नाही. तोंड शाबूत आहे, पण फोन आईच्या ताब्यात असतो आणि ती तो मोठ्या आवाजावर लावून माझ्या उशाशी ठेवते. मग शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा तुझी खुशाली विचारतात. म्हणून छातीवर जेवणाचं ताट उपडं ठेवून हे लिहितोय.

आईने तुला 'पायाला लागलंय' एवढंच सांगितलं असणार. नीट ऐक. एका नव्या दुकानाची दर्शनी काच पोचवायची होती. मी आणि माझा भागीदार लांब्या ती ट्रकमधून माल उतरवायच्या फलाटावर उतरवत होतो. ट्रकचा ब्रेक सुटला, ट्रक मागे आला आणि माझा उजवा पाय ट्रक आणि फलाट यांच्या मध्ये सापडला. लांब्याने काच सोडली नाही. एकट्याने तोलून भिंतीला टेकवली आणि मग बोंब मारली. काचेला ओरखडा नाही, पायाचा भुगा. गिऱ्हाईक खूश असेल.

नडगीच्या खालच्या बाजूचं बोटभर लांबीचं हाड गायबच आहे. घोट्याचा चुरा झालाय. तळव्याला जाणारी नस गेल्यात जमा आहे. डॉक्टर तळव्याला सुई टोचतात तेव्हा मी छताकडे बघत असतो आणि मला पत्ता लागत नाही. सध्या बाहेरून सळ्या लावून पाय नुसता धरून ठेवलाय.

इथल्या सर्जन एक बाई आहेत. त्यांनी कागदावर पाय काढून दोन वाटा दाखवल्या. एक म्हणजे पाय वाचवायचा. त्यासाठी लोखंडी कड्यांचा सांगाडा पायाभोवती, वर्षभर किंवा जास्त, मध्ये आणखी तीनचार ऑपरेशनं, शेवटी पाय राहील पण घोटा वाकणार नाही आणि तळवा बधिर तो बधिरच. दुसरी म्हणजे गुडघ्याखाली कापायचा आणि जखम भरली की नकली पाय. मी विचारलं, तुम्ही काय कराल? तर म्हणाल्या, "दोन वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडची माणसं साधारण सारखीच चालतात आणि सारखीच कुरकुरतात. मधली दोन वर्षं कशी घालवायची ते तुम्ही सांगा." आता मला सांग, मी गिऱ्हाईकाला विचारतो का, की काच डावीकडून कापू का उजवीकडून?

बरं, त्या विचारतात मला आणि उत्तर देते आई. "वाचवा, काय वाट्टेल ते करा पण वाचवा." आमची ही माझ्या पायथ्याशी उभी असते आणि काही बोलत नाही.

तू जन्मभर ऑपरेशन थिएटरात उभी राहिलीस. एक गोष्ट लक्षात घेऊन सांग. मोठी काच दोघांनी नेताना खालची जमीन दिसत नाही. पायरी आली, खड्डा आला, हे तळव्यालाच कळतं. तो तळवा तर आता दोन्हीकडून गेलाच आहे. मग काय करू? पंधरवड्यात सांगायचंय.

तुझा,
बोका


ता. ११ मार्च

बोक्या,

अनेक आशीर्वाद आणि तेवढ्याच शिव्या. 'लागलंय' या एका शब्दावर मला इतके दिवस झुलवत ठेवलंत. आईला फोन केला की ती म्हणते, तो झोपलाय. इतका तू लहानपणीही झोपला नाहीस.

मला येता येणार नाही. यांना पक्षाघात झाल्यापासून कूस बदलण्यापासून दात घासण्यापर्यंत सगळं माझ्याच हातून होतं, दुसऱ्या कुणी हात लावला तर हे ओठ मिटून घेतात. मी तिथे असते तर पहिल्यांदा आईला त्या खोलीबाहेर काढलं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. पाय वाचत असेल तर वाचवावा. आपला तो आपला. वाचवलेला पाय पुढे नाही जमलं तर कापता येतो, कापलेला परत लावता येत नाही. त्रास होईल, पण तू चिवट आहेस. आईला तेच हवंय, तुझ्या बायकोलाही तेच हवं असणार. आणि खरं तर तुलाही तेच हवंय, तू मला विचारतोयस तो फक्त पाठीवर हात हवा म्हणून. तर हा घे हात.

शेवटी पाय तुझा, निर्णय तुझा.

ताई


ता. २२ मार्च

प्रिय ताई,

झालं एकदाचं. पायाभोवती आता चार कड्या आहेत, त्यांतून आरपार तारा गेल्यात, आणि कड्या एकमेकींना लांब बोल्टांनी जोडल्यात. नटबोल्ट एक नंबर आहेत, गंज धरणार नाहीत. मांडीची कातडी काढून खाली जखमेवर लावलीय. म्हणजे माझ्याच घरातलं काढून माझ्याच घरात लावलं.

ठरलं कसं ते ऐक. सकाळी डॉक्टरबाई आल्या, मागे त्यांची शिकाऊ पलटण. खाटेच्या एका बाजूला आई, पायथ्याशी ही, दाराशी लांब्या. बाईंनी विचारलं, "काय ठरलं मग?" मी हिच्याकडे पाहिलं. ही आईकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वाचवा." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मला वाटलं होतं अजून एकदा विचारतील. पण त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

आईने डोळे पुसले. लांब्या म्हणाला, "भले शाब्बास." तुझं पत्र वाचून धीर आला होताच. तू म्हणतेस ते बरोबर आहे, आपला तो आपला.

मी मजेत आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

बोका


ता. ५ एप्रिल

बोक्या,

हुश्श. आता तुझ्या बायकोला हे वाचून दाखव. तारा जिथे कातडीतून आत जातात तिथे रोज स्वच्छ करायचं, आधी हात धुवायचे, एका तारेचा बोळा दुसरीला लावायचा नाही. लाल झालं, दुखलं, चिकट पाणी आलं, तर लगेच डॉक्टर. 'बघू उद्या' चालणार नाही. सिगरेट ओढशील तर हाड जुळायचं नाव घेणार नाही, आणि मी इथून येऊन कान उपटीन.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं काहीतरी मला टोचलंय, पण नेमकं काय ते सापडत नाही. झोप लागते का? खरं लिही.

ताई


ता. १९ जुलै

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला एकटं असावं लागतं. आज आई दाताच्या दवाखान्यात गेलीय आणि ही बाजारात. तेव्हा भराभरा लिहितो.

मे महिन्यात घरी आलो. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही हे तुला माहीतच आहे. लांब्या आणि त्याची माणसं मला खुर्चीत बसवून तीन मजले वर घेऊन आली. काच नेतात तशीच सांभाळून, 'कोपरा जप, कोपरा जप' करत. वर ठेवलं आणि गेली. त्यानंतर फक्त तपासणीला खाली उतरलो, तेही असंच खुर्चीत. बाकी ही खोली.

गंमत सांगू? या खोलीच्या खिडकीला धुरकट काच मीच बसवली होती. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून आईने मागे लागून बसवून घेतली. चांगल्या प्रतीची आहे, त्यातून माणूस आहे की झाड आहे तेही कळत नाही. आता मी दिवसभर उताणा पडून तिच्याकडे बघतो. कुशीवर वळता येत नाही, कड्या अडकतात. 'उघड' म्हटलं तर आई म्हणते वारा लागेल.

वर नडगीत एका ठिकाणी हाड मुद्दाम कापलंय, ते रोज केसभर खाली सरकवायचं म्हणजे मधली पोकळी भरते. त्यासाठी एक नट दिवसातून चार वेळा पाव आटा फिरवायचा. ते काम ही करते. घड्याळ लावून पाना घेऊन येते, ओठ घट्ट मिटून फिरवते, मग तारा पुसते. लाँड्रीतल्या काउंटरची तिची नोकरी तिने सोडलीय. मला न विचारता. मैत्रिणींकडे जात नाही, फोनवर हसत नाही. परवा मी म्हटलं, तू जरा फिरून ये. तर म्हणाली, "नट कोण फिरवणार?"

आईकडे माणसं येतात, माझा पाय बघायला. आई चादर बाजूला करून दाखवते आणि म्हणते, "वाचवला!" तेही 'वा वा' म्हणतात. एकाने कड्या वाजवून बघितल्या.

तारांतून पू येतो, गोळ्या घेतो, थांबतो, परत येतो. दुखतं. बधिर तळव्याच्या वर सगळं दुखतं. पण सगळे इतकं करतात माझ्यासाठी की 'नको' म्हणायला तोंड कुठून आणू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं झालंय, फक्त बुक्क्या मायेच्या आहेत.

जिन्यात आईची काठी वाजतेय. एक विचारायचं होतं. तुमच्या थिएटरात पाय कापला की तो पुढे कुठे नेतात? सहज विचारतोय.

बोका


ता. २७ जुलै

बोक्या,

'सहज विचारतोय' असं आपल्या घरातलं माणूस सहज कधीच लिहीत नाही.

मला काय टोचत होतं ते आता सापडलं. तू लिहिलं होतंस, 'मला वाटलं होतं अजून एकदा विचारतील.' अरे गाढवा! आपल्या घराची खोड त्या बाईंना कशी माहीत असणार? आपल्याकडे पहिलं उत्तर हे समोरच्याच्या सोयीचं असतं. पाहुण्यांकडे भूक लागलेली असली तरी 'आत्ताच जेवून आलो'. नवा सदरा हवा असला तरी 'आहे तो चांगलाय'. मग समोरच्याने परत विचारायचं, आपण परत नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की खरं काय ते बोलायचं. बाबा गेले तेव्हा सुद्धा आई पहिल्यांदा म्हणाली होती, मी ठीक आहे. जगात माणसं एकदाच विचारतात रे. तू एकदाच 'वाचवा' म्हणालास आणि त्यांनी ते खरं धरलं. त्यांची काय चूक?

आणि मी तरी काय वेगळं केलं? तुझं पहिलं पत्र वाचलं, तळवा बधिर आहे हे वाचलं, आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'कापा'. असे पाय मी खूप पाहिलेत. काही राहिले आणि माणसं खूश होती. काही राहिले आणि माणसं दीडदोन वर्षांनी पुन्हा टेबलावर आली, तोवर संसार, नोकरी, डोकं सगळं त्या पायापायी झिजलेलं. पण मला वाटलं, तुला पाय हवा असणार, तर मी कशाला अपशकुन करू? म्हणून तुझ्या सोयीचं लिहिलं. तू माझ्या सोयीचं वागलास. मला आज दिवसभर स्वतःचा राग येतोय.

वाचवणं चुकीचंच होतं असं मी म्हणत नाही. हाड जुळलं तर याच पायाने तू जिना उतरशील. पण तुला काय हवंय हे अजून कुणी ऐकलेलंच नाही. मी परत विचारते. तुला काय हवंय?

ताई

ता. क. पाय कुठे नेतात ते तू ठरवल्यावर सांगेन.


ता. २० ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. वेळ नव्हता असं नाही, वेळेशिवाय माझ्याकडे आहे काय? पण एकदा लिहिलं की ते खरं होईल, म्हणून टाळत होतो. म्हटलं, हाड जुळलं तर प्रश्नच मिटला.

जुळलं नाही. सरकत सरकत खाली आलं, खालच्या तुकड्याला टेकलं आणि तिथेच रुसून बसलं. मध्ये पू आहे. डॉक्टरबाईंनी परवा परत दोन वाटा सांगितल्या. तो भाग खरवडायचा, कमरेचं हाड काढून तिथे घालायचं आणि कड्या आणखी आठ महिने, कदाचित वर्ष, जुळेल याची खात्री नाही. नाहीतर गुडघ्याखाली कापायचा. या वेळीही सगळे हजर होते. या वेळीही बाईंनी मलाच विचारलं, आणि आई म्हणाली, "एवढं केलंय, आता काठाला येऊन माघार घ्यायची?" मी म्हटलं, "सांगतो."

कापायचाय.

बघ, लिहिलं. मला हा पाय नकोय ताई. मला त्याचा राग येतो, त्याच्याशी भांडतो मी मनातल्या मनात. मला जिना उतरायचाय. पानवाल्याशी उगाच वाद घालायचाय. लांब्या म्हणतो, काच उचलू नकोस, टेबलाशी बसून काप, मापं घे, गिऱ्हाईकाला गंडव, पण ये. मला जायचंय. नकली पायाने पडलो तर पडलो, पण बाहेर पडायचंय.

पण हे बोलू कुणाशी? हिने सात महिने तारा पुसल्या. तिने एकही तार चुकवलेली नाही, एकही आटा ती विसरलेली नाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू की हे सगळं फुकट गेलं? आईचा तर श्वास त्या पायात अडकलाय. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मी एकटा कधीच नसतो. संडासला जातो तेव्हा सुद्धा दाराबाहेर कुणीतरी उभं असतं.

म्हणून एक मागणं आहे. तू फोन कर आणि आईला सांग की तुझ्या मते कापायलाच हवा. तू थिएटरातली, तुझं ती ऐकते. हिलाही तूच सांग. मी मान खाली घालून 'ताई म्हणते तर' म्हणेन. सगळ्यांचं सोपं होईल.

बोका


ता. २६ ऑक्टोबर

बोक्या,

नाही सांगणार.

फोन हातात घेतला होता. नंबरही लावला होता. मग ठेवला. मी सांगितलं तर हा पाय ताईने कापला असं होईल. नकली पायाने घासलं, फोड आले, रात्री नसलेली बोटं जळायला लागली, की तू म्हणशील, ताईमुळे. आई तर म्हणेलच. मार्चमध्ये मी तुझ्या जागी उत्तर दिलं, त्याचं काय झालं ते तू भोगतोयस. परत देणार नाही.

आणि कापलं की सुटलो असं समजू नकोस. पहिले काही महिने वाईट असतात. उठताना पाय आहे असं वाटून माणूस पाऊल टाकतो आणि पडतो. नसलेला पाय दुखतो, आणि त्यावर हात फिरवता येत नाही. नकली पाय लावायचा, काढायचा, उरलेला भाग जपायचा, जन्मभर. हे सगळं डॉक्टरबाईंना विचार.

एकटं कुठे भेटायचं ते मात्र सांगते. एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना आत घेत नाहीत. आईलाही घेणार नाहीत, तिने कितीही आदळआपट केली तरी. पुढच्या तपासणीला तिथल्या माणसाला सांग की मला सर्जनबाईंशी दोन शब्द बोलायचेत, इथेच, घरच्यांशिवाय. ते बोलावतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. पेशंट आम्हाला थिएटरच्या दारात सुद्धा खरं सांगतात, कारण तिथे पहिल्यांदा एकटे असतात.

आता तिसऱ्यांदा विचारते, पण उत्तर मला नको देऊस. त्यांना दे.

इथलं एक सांगते. तुझं पत्र वाचून काल मी यांना विचारलं, खाट खिडकीकडे वळवू का? आजारी पडल्यापासून पहिल्यांदा विचारलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल वगैरे. हे म्हणाले, नको, ऊन लागतं. तर असं आहे.

ताई


ता. १२ नोव्हेंबर
हाडांचा विभाग, या वेळी दाराजवळची खाट

प्रिय ताई,

उद्या सकाळी आहे. म्हणून आज सगळं लिहून टाकतो.

एक्स-रेच्या दारात आईला अडवलं तेव्हा ती म्हणाली, "मी त्याची आई आहे." तिथला माणूस म्हणाला, "म्हणूनच बाहेर थांबा, किरण वाईट." आत टेबलावर पडल्या पडल्या मी त्याला तू म्हणालीस तसं सांगितलं. बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. मी तयारी करून गेलो होतो, तरी तोंडातून निघालं काय, तर "तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मग मीच म्हटलं, "तसं नाही. मला कापायचाय. मार्चमध्येही कापायचाच होता." त्यांनी विचारलं, "मग तेव्हा?" मी म्हटलं, "तुम्ही एकदाच विचारलंत." त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं." त्यांनी माझा दिवस विचारला, सकाळपासून. काय करायचंय ते विचारलं. तू लिहिलेलं वाईटसाईट सगळं सांगितलं, वर आणखी दोन गोष्टी. आणि म्हणाल्या, आठवडा घ्या, मत बदललं तर लाजू नका. मत बदललं नाही.

आईला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला धडधाकट जन्माला घातलं होतं." मी म्हटलं, "माहितीय." ती रडली, मीही रडलो. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला भूक लागली का ते ही विचारत होती आणि आई भांडी आपटत होती. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. तिला पाय हवाय, मला नको, यात दोघांपैकी एकाने हरायचंच होतं.

पण खरी गोष्ट हिची. हिला कसं सांगू म्हणून मी इतके महिने कुढलो, ते तुला माहीत आहे. सकाळी ती तारा पुसत होती तेव्हा एका दमात सांगून टाकलं. तिने बोळा खाली ठेवला. मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच तसं वाटलं होतं."

मी म्हटलं, "काय?"

"कापावा असं. डॉक्टर कागदावर काढून दाखवत होत्या तेव्हाच. पण तुम्ही वाचवा म्हणालात. पाय तुमचा. मी कोण बोलणार?"

ताई, मी तिच्यावर ओरडलो. लग्नानंतर इतका कधीच ओरडलो नसेन. आठ महिने! म्हटलं, एकदा तरी बोलायचंस. ती उलट ओरडली, "तुम्ही तरी एकदा बोललात का? पू बघून मला उलटी यायची, बाथरूममध्ये जाऊन करायची, नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून." आई धावत आली. आम्हा दोघांना तसं बघून परत गेली. मला तिची दयाही आली आणि तिचा गळा धरावासाही वाटला. अजून दोन्ही वाटतं. ती आता शेजारी बसलीय, मी काय लिहितोय ते विचारत नाही.

तुला वाटेल आता मोकळं वाटत असेल. मलाही तसं वाटलं होतं. पण आता ही बाजूला झाली, तू बाजूला झालीस, आणि जे होणार ते मी मागून घेतलंय. गेले आठ महिने वाईट वाटलं की कुणाच्या तरी नावाने खडे फोडता यायचे. आता कुणाच्या नावाने फोडू?

दुपारी नर्स आली. उद्याच्या ऑपरेशनसाठी पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायची पद्धत आहे म्हणे, तुला माहीत असेलच. पायाला लोखंडाचा पिंजरा लावलाय, आंधळ्यालाही दिसेल, तरी तिने विचारलं, "कोणता पाय, आणि काय करायचंय?" आई उशाशी उभी होती. सवयीने तिने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत राहिले. नर्स लिहायला थांबली होती.

मला वाटलं होतं पटकन म्हणेन. हिने पाण्याचा पेला पुढे केला, तो मी घेतला नाही. खूप वेळ लागला, पण कुणी मध्ये बोललं नाही. मी म्हटलं, "उजवा. गुडघ्याखाली कापायचा."

आई बाहेर जाऊन बाकावर बसलीय. मला खूप भीती वाटतेय, ताई.

बोका